नऊ पावलांवरचा वाफा

सकाळी नळाला पाणी आलं की काका पहिला पेला भरायचे आणि प्यायच्या आधी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे. डावा डोळा मिटून उजव्याने आरपार बघायचे. मग पेला नाकाशी नेऊन हुंगायचे, एक घोट तोंडात घोळवायचे आणि गिळून झाल्यावर निकाल द्यायचे, “आज ठीक.” कधी म्हणायचे, “आज कुणाचा तरी हात सैल सुटलाय,” म्हणजे क्लोरीन जास्त. कधी नुसतंच, “डुलक्या घेतायत लेकाचे.” ओट्याशी उभी असलेली काकू मागे न वळता म्हणायची, “प्या हो आता. इतकं निरखून तर लग्नाआधी मलाही बघितलं नव्हतंत.”

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. तेहतीस वर्षं ते पाणी शुद्धीकरण केंद्रात होते. नदीचं गढूळ पाणी एका बाजूने आत यायचं, त्यात तुरटी कालवली जायची, गाळ तळाशी बसायचा आणि वरचं निवळ पाणी वाळूतून गाळून, क्लोरीन देऊन शहराकडे सोडलं जायचं. तुरटीच्या टाक्यांवर काका इतकी वर्षं होते की केंद्रात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे त्यांना ‘तुरटी’च म्हणत, साहेबसुद्धा. कुठे दोघांची जुंपली असली की ते मध्ये जाऊन नुसते उभे राहत, काही बोलत नसत, आणि थोड्या वेळाने ते दोघे आपापल्या कामाला लागत. पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे दयामाया नव्हती. टाकीच्या कडेला शेवाळाचा एक धागा दिसला तरी ते ब्रश घेऊन खाली बसत. पाण्यात काही जिवंत राहता कामा नये, एवढी साधी त्यांची नोकरी होती.

केंद्राच्या क्वार्टर्समागे, गाळ सुकवायच्या जागेला लागून, काकूचा भाजीचा तुकडा होता. तो कुणी दिलेला नव्हता. तिनेच दरवर्षी हातभर पुढे सरकत तो मिळवला होता. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि दोघं शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता, माझं कॉलेजही जवळ होतं. बाल्कनी नव्हती. काकूने पहिल्या आठवड्यात खिडकीच्या आतल्या कठड्यावर एक कुंडी ठेवून बघितली. मग ती कुंडी लाटणी आणि चमचे उभे करायला स्वयंपाकघरात गेली.

दोन वर्षांनी काकू न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, टाके सुकले. पलंग हॉलमध्ये आणला, कारण आतल्या खोलीच्या दारातून वॉकर नीट जात नव्हता. व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायची. तिच्यासमोर काकू दहा दिवस उभी राहिली, चार पावलं गेली, आली. अकराव्या दिवशी म्हणाली, “आज नको.” मग रोजच नको.

व्यायामवाली बाई तशी गोड बोलायची, पण त्या दिवशी तिने चप्पल घालता घालता स्पष्ट सांगितलं, “काकू, हाड जुळलंय. आता प्रश्न स्नायूंचा आहे, आणि ते तुमच्यासाठी थांबून राहत नाहीत. अजून चार महिने अशा पडून राहिलात तर मग उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही.”

“उठून जाऊ कुठे?” काकू म्हणाली. “स्वयंपाकघरात? तिथे हे आहेतच. दारात? दारात काय बघू, लिफ्ट?”

बाई गेली. काका दार लावून तिथेच उभे राहिले. या वेळी गाळ खाली बसत नव्हता.

त्यांना कल्पना सुचली ती दवाखान्यात. काकूला खुब्याचा एक्स-रे काढायला नेलं होतं आणि काका बाहेरच्या बाकावर बसले होते. समोर काचेची माशांची टाकी होती. टाकीच्या कडेवर कुणीतरी मनी प्लांटची एक फांदी नुसती लटकवून ठेवली होती आणि तिच्या मुळांचा गुंता पाण्यात लोंबत होता. पानं तळहाताएवढी, चकचकीत.

“याला खत कुठलं घालता?” काकांनी टेबलामागच्या माणसाला विचारलं.

“कसलं खत? माशांना खायला घालतो. पुढचं त्यांचं ते बघतात.”

काकूला आत सोडल्यावर आणि परत आणल्यावरही काका त्या टाकीपाशीच होते.  मग महिनाभर ते जे मिळेल ते वाचत सुटले, माझ्याकडून छापून घेत सुटले. मासे खातात आणि पाणी घाण करतात. ते पाणी पंपाने वर चढवायचं, खडीने भरलेल्या वाफ्यात सोडायचं. वाफ्यात भाजी. भाजी त्या घाणीवर वाढते आणि खाली टाकीत जातं ते पाणी माशांना पुन्हा चालतं. माती नाही, ऊन कमी असलं तर वर दिवा.

एका शनिवारी मी गेले तर काका बूट घालून हॉलमध्ये चालत होते. काकूच्या पलंगापासून समोरच्या खिडकीपर्यंत, टाच पंजाला लावून. काकूला झोप लागली होती. मला त्यांनी जिन्यात नेलं.

“वॉकरची नऊ पावलं होतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “दहावं पाऊल टाकायला जागाच नाही, तिथे भिंत आहे. म्हणजे वाफा तिथेच.”

“आणि काकू उठली नाही तर?”

“उठ म्हणायचं नाही तिला. तूही म्हणायचं नाहीस. समोर हिरवं दिसलं की तिचे हात राहतील का गप्प?”

यापुढे ते यावर कधीच बोलले नाहीत. पण तेव्हापासून घरात जे जे झालं ते सगळं त्या नऊ पावलांसाठी होतं, आणि काकू सोडून ते सगळ्यांना माहीत होतं.

मदतीला आला केंद्रातला जुना फिटर. जाड मिशांचा, गुडघ्यांनी कुरकुरणारा, काकांचा एकुलता एक म्हणावा असा मित्र. काचेची टाकी दोनशे लिटरची होती. “दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, वर खडी वेगळी,” म्हणत त्याने जमीन ठोकून बघितली आणि लोखंडी रॅक खोलीच्या मध्ये न ठेवता भिंतीला चिकटवून ठेवला. खालच्या कप्प्यात टाकी, वर कपडे भिजवायचा मोठा प्लास्टिकचा टब, तोच वाफा.

“तुरटी,” फिटर टबाच्या बुडाला भोक पाडता पाडता म्हणाला, “जन्मभर मासा आत शिरू नये म्हणून जाळ्या लावल्या रे आपण. आता तू पाहुणे म्हणून घरात आणतोस?”

“तुझं भोक बघ. तिरकं चाललंय.”

“तिरकं नाही, तुझी मान तिरकी आहे.”

“घराचं पंपहाऊस करा,” पलंगावरून काकू म्हणाली. “बाहेर पाटी लावा. परवानगीशिवाय आत येऊ नये.”

खडी काकांनी एकेक मूठ तपासली. बशीत थोडी खडी घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकायचे. ज्या दगडाला फेस आला तो चुनखडीचा, त्याने पाणी बिघडतं, तो बाद. दोन दुपारी ते बशीवर कान लावून बसले होते. फेसाचा आवाज येतो म्हणायचे, मला कधी आला नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला सायफनने. वाफ्यातलं पाणी एका पातळीपर्यंत चढलं पाहिजे आणि मग मधल्या नळीतून एकदम सगळं खाली उतरलं पाहिजे, म्हणजे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. नळीवर टोपी, टोपीभोवती भोकांची जाळी. टोपी वर बसवली तर पाणी नुसतं ठिबकत राहायचं, खाली दाबली तर चढायचंच नाही. तीन दिवस दोघं म्हातारे टबाभोवती उकिडवे बसून एकमेकांना अकलेवरून बोलत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी काठाला आलं, क्षणभर थांबलं आणि घोगरा आवाज करत खाली गेलं. गुडगुडगुड, आणि शेवटी एक मोठा ढेकर.

“आता हे दिवसभर असंच करणार?” काकूने विचारलं.

“दर बारा मिनिटांनी.”

“म्हणजे तुमची जोडी जमली.”

फिटर इतका हसला की त्याला पाणी प्यायला द्यावं लागलं. काकू मात्र भिंतीकडे वळून पडली. पण मी बघत होते. बारा मिनिटांनी आवाज आला तेव्हा तिचे डोळे उघडे होते.

नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवून लावलं आणि सहा सोनेरी मासे आले. वाफ्यात पालक, कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस. पहिला आठवडा चांगला गेला. मग पाणी दुधाळ दिसायला लागलं. खडीवर बोट फिरवलं की बुळबुळीत लागायचं, वास कुबट यायचा. छापलेल्या कागदांवर लिहिलं होतं की असं होतं, धीर धरा. पण काकांनी तेहतीस वर्षांत बुळबुळीत गोष्टीसमोर कधी धीर धरला नव्हता. सकाळी पेला तपासून झाला की ते टाकीसमोर उभे राहायचे आणि त्यांचे हात शिवशिवायचे.

बाराव्या दिवशी त्यांनी मासे बादलीत काढले, पंप बंद केला आणि सगळी खडी न्हाणीघरात ओतली. ब्लीचिंग पावडरमध्ये तासभर भिजवली, ब्रशने घासली, सात पाण्यांनी धुतली. टाकी पुसून लख्ख केली, पंपाचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला. नवीन पाणी भरून दोन दिवस ठेवलं. क्लोरीनचा थेंब तरी उरलाय का ते आपल्या जुन्या पेटीतल्या औषधाने तपासलं. रंग जराही आला नाही. बिनचूक काम. मासे परत सोडले तेव्हा टाकीतलं पाणी इतकं नितळ होतं की ते हवेत तरंगतायत असं वाटत होतं. रोपं पुन्हा खडीत रोवताना काका गुणगुणत होते.

चौथ्या दिवशी मासे वरती येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. सहाव्या दिवसापर्यंत चार मेले.

हे काकूसमोर झालं, कारण टाकी तिच्यासमोरच होती. काका एकेक मासा जाळीने काढत होते आणि ती बघत होती. चौथ्यानंतर ती म्हणाली, “अहो, आता नका आणू. मला नाही बघवत. तुम्ही हे सगळं काढून टाका, नाहीतर माझा पलंग तरी आत न्या.”

पलंग आत नेला तर नऊ पावलांची वीस होत होती, मध्ये एक अरुंद दार. काका म्हणाले, “दोन आहेत अजून. दोन दिवस दे मला.”

बरणीत पाणी घेऊन ते मासेवाल्या बाईकडे गेले. मी बरोबर होते. दुकान कसलं, एक बोळच होता, दोन्ही बाजूंना टाक्या आणि मध्ये ती बाई, कोपरापर्यंत ओल्या बाह्यांची, कुणाच्याही आजोबांना दमात घेईल अशी. तिने बरणी उजेडाकडे धरली. अगदी काकांसारखी, एक डोळा मिटून.

“पाणी फार स्वच्छ आहे,” ती म्हणाली.

“आहेच,” काका म्हणाले.

“तेच तर सांगतेय, आजोबा. काय केलंत?”

काकांनी सांगितलं. सगळं, क्रमाने, कामावरचा अहवाल द्यावा तसं. ब्लीचिंग पावडर किती, तास किती, पाणी किती वेळा बदललं. ती ऐकत गेली आणि तिच्या भुवया चढत गेल्या.

“क्लोरीन उडवलंत. बरोबर केलंत. पण त्याने जे मारलं ते परत कसं आणणार? मासे हगतात, मुततात, त्याचं पाण्यात विष होतं. खडीवर जे बुळबुळीत धरतं ना, ते हे विष खातं आणि त्याचं झाडांना चालेल असं खत करतं. ते बुळबुळीत म्हणजेच तुमचं यंत्र. पंप-बिंप सगळं नंतर. तुम्ही यंत्र घासून धुऊन टाकलंत.”

काकांनी बरणी परत घेऊन तिचं झाकण लावलं. मग म्हणाले, “तेहतीस वर्षं मी तेच मारत होतो.”

“प्यायच्या पाण्यात मारायलाच हवं,” बाई म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता. “हे प्यायचं पाणी नाही. यात राहायचंय कुणालातरी.”

तिने मागच्या एका टाकीतल्या गाळणीत हात घातला आणि काळा-तपकिरी, लिबलिबीत, वास मारणारा स्पंजचा तुकडा बाहेर काढला. ओल्या फडक्यात गुंडाळून काकांच्या हातात दिला. “चार वर्षांची घाण आहे. सुकू देऊ नका, नळाखाली धरू नका. पंपाच्या तोंडाशी ठेवा आणि महिनाभर हात लावू नका. कशालाच.”

“याचं काय द्यायचं?”

“घाणीचं काय घेऊ? तुमची तयार झाली की कुणा नव्या माणसाला द्या.”

बसमध्ये काका ते फडकं दोन्ही हातांत धरून बसले होते. शेजारच्या माणसाने नाकाला रुमाल लावला आणि जागा बदलली. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, शाळेतल्या पोराने मास्तरांना न विचारता वर्गाबाहेर पडावं तसं.

पलंग आत नेला नाही. काकूने दोन दिवस दिले होते, त्याचे चार झाले, दोन मासे तगले, आणि तिने विषय काढला नाही.

पुढचा महिना काकांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड असावा. पाणी पुन्हा दुधाळ झालं. खडी पुन्हा बुळबुळीत झाली. ते हात मागे बांधून टाकीपुढे येरझारा घालायचे. काकू म्हणायची, “खिशात घाला हात. नाहीतर मला द्या, उशीखाली ठेवते.” रोज सकाळी परीक्षानळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात विष तपासायच्या औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग पट्टीशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे विष नाही, हिरवा म्हणजे आहे, मधल्या छटा मधल्या. इथे काकांची पंचाईत झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ते टाळत आले होते आणि पिवळा कुठे संपतो ते त्यांना कळेना. मी फक्त शनिवारी असायचे. शेवटी ते नळी आणि पट्टी घेऊन पलंगापाशी गेले.

“हा कुठला म्हणशील?”

“मला काय विचारता? डोळे नाहीत का?”

“आहेत. पण हिरवं मला कमी कळतं, तुला जास्त.”

काकूने नळी घेतली. पडून रंग नीट दिसेना म्हणून कोपरावर उठली. “कच्च्या लिंबासारखा आहे. पट्टीवरचा तिसरा.” दुसऱ्या दिवशी त्यासाठी ती उठून बसली. मग रोजच बसायला लागली. निकाल तिचा, लिहायचं काकांनी, केंद्रातल्यासारख्या रकान्यांत. तारीख, वेळ, वास, रंग. रंगाच्या रकान्यात कच्चं लिंबू, पिकलं लिंबू, पिकलं केळं, असं सगळं लिहिलेली ती वही माझ्याकडे आहे. एकतिसाव्या दिवशी फक्त एक शब्द आहे, ‘पिवळा’. त्याच्याखाली काकांनी दोन रेघा ओढल्यात.

मग रोपांनी अंग धरलं. पालक रुंद झाला, पुदिना टबाबाहेर डोकवायला लागला. काकांनी आणखी चार मासे आणले, दोनदोन करून. आणि मग मला ती सवय लागली, हॉलमध्ये पाऊल टाकायच्या आधी काकूचा आवाज ऐकायची.

“अहो, शेंड्याकडून खुडा. शेंड्याकडून! ती फांदी नाही, तिच्या शेजारची. अहो, शेजारची म्हणजे तुमची शेजारची नाही, माझ्याकडून शेजारची.”

“ही?”

“राहू द्या. मारलीतच तिला.”

“तू सांग, मी करतो.”

“सांगूनच तर घसा बसला.”

काका शांतपणे चुकत राहायचे. मुद्दाम की खरंच, ते मला आजही सांगता येणार नाही. पालक ते कात्रीने असा कापायचे, जसा सरकारी कागद कापतात. काकूचा जीव वरखाली व्हायचा. ती पलंगाच्या कडेला यायची, पाय खाली सोडायची. आणि तिथेच थांबायची. वॉकर हाताशी होता, त्याच्यावर टॉवेल वाळत असायचा. चार महिन्यांतले तीन केव्हाच संपले होते. व्यायामवाली बाई एकदा डोकावून गेली, काकूच्या पिंढऱ्या दाबून बघितल्या आणि जाताना काकांकडे बघून नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेला न तपासताच पाणी प्यायले.

पुढचं मला काकूने सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

काका बँकेत गेले होते, हयातीच्या दाखल्यावर सही करायला. सकाळचे अकरा. काकू पडून होती आणि तिला वाटलं, काहीतरी राहिलंय. काय ते कळेना. मग कळलं, ढेकर आलेला नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पंप चालू होता, पाणी वर पडत होतं, पण खाली उतरत नव्हतं. मान उंच करून बघितलं तर वाफ्यात पाणी अगदी काठाला आलेलं, पुदिन्याची खालची पानं तरंगायला लागलेली. आता ते जमिनीवर सांडणार, आणि पंप टाकीतलं पाणी उपसून वर टाकत राहणार, शेवटी मासे कोरड्यावर पडणार. पंपाचं बटण तिथेच, त्याच भिंतीवर. तिने हाका मारून बघितल्या. शेजारचं दार बंद होतं.

“मग काय करणार,” काकू मला म्हणाली. “टॉवेल खाली टाकला.”

पहिलं पाऊल टाकायलाच किती वेळ गेला ते तिला सांगता येत नव्हतं. चौथ्यानंतर पाय थरथरायला लागला तेव्हा ती तशीच उभी राहिली आणि माशांकडे बघत राहिली. सातव्याला पाणी काठावरून ओघळायला लागलं. नवव्याला हात बटणापर्यंत पोचला.

पंप बंद केल्यावर तिला परत जाता आलं असतं. पण टोपी तिच्यासमोर होती. एका हाताने वॉकर धरून तिने दुसऱ्याने ती काढली आणि नळीत बोट घातलं. आत पुदिन्याचं मूळ शिरलं होतं. ते ओढलं तर येतच राहिलं, वीतभर, हातभर, पांढरंशुभ्र, उंदराच्या शेपटीसारखं. पाणी गडगडत खाली गेलं. तिने टोपी बसवली, पंप लावला, काकांच्या स्टुलावर बसली, आणि बसल्या बसल्या, हाताशी होतंच म्हणून, पालकाची पिवळी पानं काढायला लागली.

काका आले तेव्हा पलंग रिकामा होता. त्यांनी आधी पलंगच बघितला. मग जमिनीवरचं पाणी. मग स्टूल.

“पुदिना फार माजलाय,” काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “उपटून टबाच्या त्या टोकाला लावा. नळीपाशी कुणी पुदिना लावतं का?”

“हं,” काका म्हणाले. ते स्वयंपाकघरात गेले. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ सुरू राहिला. पाणी वाया घालवणारा माणूस नव्हता तो.

त्यानंतर काकू दिवसात चारदा उठायची, सहादा, मग कुणी मोजेनासं झालं. वॉकर जाऊन काठी आली. वाफ्याचे दोन झाले, दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पलंगापासून सव्वीस पावलांवर. व्यायामवाल्या बाईला काकूने लेट्यूसचा गड्डा दिला, तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं होतं काकू नाही उठणार.” काकू म्हणाली, “मी कुठे उठले? त्या पुदिन्याने उठवलं.” काका पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

अशी अडीच वर्षं गेली. मग तळमजल्यावरच्या शिक्षिकेने टाकी आणली. ती रोज संध्याकाळी वर यायची, वहीत नोंदी करून घ्यायची, आणि काका तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, की खडी घासायची नाही. तिची खडी धुऊन, तपासून तयार झाली तेव्हा काकांनी आपल्या गाळणीतला स्पंज कात्रीने अर्धा कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि दाराशेजारच्या बाकावर ठेवला. शनिवार होता, मी निघायच्या बेतात होते. जाता जाता तो खाली देऊन जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेतच ते गेले. काकूने त्यांना आठच्या सुमाराला हाक मारली. नळाला पाणी येऊन गेलं होतं आणि पेला ओट्यावर उपडाच होता. पुढच्या दिवसांत किती माणसं आली, फिटर खुर्चीत कसा बसला होता, ओल्या बाह्यांची ती बाई दुकान बंद करून कशी आली, ते सगळं मला आठवतं. पण काका म्हटलं की मला तो आदला दिवस दिसतो. काकू काठी टेकवून वाफ्यापाशी उभी होती, सायफनने नुकताच ढेकर दिला होता. मी बाकावरून ते फडकं उचललं. त्याला वास येत होता, तळाशी तपकिरी पाणी गळत होतं, आणि कुणाच्या घरी असं कसं न्यायचं म्हणून मी ते नळाकडे घेऊन निघाले.

“अगं, धुऊ नकोस,” काका म्हणाले. “तसंच दे.”